ठिपक्यांचे पक्षी

पांढऱ्या रंगाला हात लावायचा नाही, असं ठरवूनच बसलो. समोर इंग्रज चित्रकार डेव्हिड कॉक्सच्या एका जलरंगचित्राची छापील प्रत. खाली ओल्या वाळूची पट्टी, तीवर वाऱ्याला अंग देऊन चालणारी चार-दोन माणसं, बाकी सगळं आभाळ. उत्तर वेल्समधला हा ऱ्हिलचा किनारा कॉक्सनं उतारवयात पुन्हा पुन्हा रंगवला.

कार्ट्रिज पेपरवर आभाळाचा पहिला वॉश टाकला तो नुसता घसरत गेला. वारा म्हणून दिसेना. मग खरखरीत हँडमेड कागद घेतला. ब्रश जवळजवळ कोरडा करून ओढला, तर रंग फक्त दाण्याच्या माथ्यावर बसला. खळगे पांढरे राहिले आणि वाळू भुरभुरायला लागली. कॉक्सची अर्धी करामत कागदातच होती. 1836 साली, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर यायच्या आदल्या वर्षी, त्याला सामान गुंडाळायचा एक जाडाभरडा स्कॉटिश कागद सापडला. त्यात काळपट ठिपके असत. ऐन आभाळात ठिपका आला तर काय करता, असं कुणी विचारलं, तेव्हा म्हणे तो म्हणाला, दोन पंख लावतो, पक्षी होऊन उडून जातो.

लाटेचा फेस त्या काळचे अनेक चित्रकार रंगवत नसत, खरवडत. मीही ब्लेडचं टोक लावलं, पण घाईनं. आमच्याकडे जुलैत वॉश तासभर वाळत नाही. ओलसर कागदाचे गोळे निघाले, फेसाऐवजी फाटकी गोधडी झाली. पंखा लावून थांबलो. वाळल्यावर मात्र एकाच फटक्यात लाट फुटली.

खरी अडचण आभाळाची. ढगांचा करडा तेव्हा बऱ्याचदा नीळ आणि इंडियन रेड मिसळून करत. उजेडानं नीळ उडते, तांबडा टिकून राहतो. कितीतरी जुन्या चित्रांतली भरदुपार अशी गुलाबी होऊन बसली आहे. रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी जलरंग उडण्यावर 1888 मध्ये ब्रिटिश सरकारला सविस्तर अहवाल दिला. आता संग्रहालयं अशा चित्रांवर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत.

माझ्यासमोरच्या आभाळातही तांबूस झाक होती. ती संध्याकाळ, उडालेली नीळ, की छापखान्याची शाई? बराच वेळ बघत बसलो. मग वाटीत नीळ थोडी जास्तच घातली.