बागेच्या छाटणीस करवत कोणती घ्यावी

झाडाची छाटणी केव्हां करावी, कोणती फांदी ठेवावी व कोणती काढावी, यावर आमच्या मंडळींत पुष्कळ चर्चा होते. पण ती फांदी कशानें कापावी, हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. घरांत कोयता असतो, कुऱ्हाड असते, फार झालें तर सुताराकडून करवत मागून आणतां येते; एवढ्यावर काम भागतें अशी समजूत आहे. ही समजूत किती महाग पडते हें आम्हीं स्वतःच्या बागेंत पाहिलें आहे, म्हणून त्याविषयीं येथें लिहीत आहों.

बीड जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि परभणीच्या कृषि विद्यापीठाचें सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईस आहे. बालाघाटाच्या उतारावर आपोआप उगवलेल्या झाडांचीं फळें गोळा करणें एवढेंच पूर्वीं काम असे. आतां रांगांनीं लावलेल्या बागा झाल्या, आणि बाग म्हटली कीं छाटणी आलीच. सीताफळाची पानगळ होऊन झाड विश्रांति घेतें तो काळ माघ-फाल्गुनाच्या सुमाराचा. नेमके त्याच दिवसांत जिल्ह्यांतील असंख्य जोडपीं ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत गेलेलीं असतात. ज्याच्या हातांत कोयता शोभावा तो माणूस तेव्हां गांवांत नसतो, आणि छाटणी मालकालाच करावी लागते. संवय नसलेल्या हातानें चार घाव घातले म्हणजे फांदी कापली जात नाहीं, चेंचली जाते; मागें वीतभर खुंट राहतो, तो वाळतो, आणि वाळवण हळूहळू खोडाकडे सरकते. कोयता उसासाठीं घडविलेला आहे. झाडावर त्याचें काम नाहीं.

मग सुतारी करवत घ्यावी काय? आम्हींही तसेंच केलें होतें. बागेंतील बारा वर्षांच्या केसर आंब्याची मांडीएवढी फांदी, फळें उतरल्यावर, सुतारी करवतीनें वरून कापावयास घेतली. निम्म्यावर पातें अडकलें. तें सोडविण्यासाठीं फांदीला हिसका दिला, तशी ती आपल्याच वजनानें कोसळली, आणि जातांना खोडाची साल हातभर सोलून घेऊन गेली. त्या जखमेंतून भिरूड आंत शिरला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर खोड पोकळ झालें व झाड काढावें लागलें. चूक हत्याराचीही होती आणि आमचीही; दोन्ही सांगतों.

सुतारी करवत वाळलेल्या, ठोकळ्यासारख्या पक्क्या धरलेल्या लांकडासाठीं असते. तिचे दांते बारीक, बहुधा इंचास आठ-दहा, आणि दांत्यांची डावी-उजवी फांक थोडी. ओल्या लांकडाचा भुसा चिकट व दमट असतो. तो बारीक दांत्यांत भरून बसतो, आणि फांक कमी असल्यामुळें कापाची वाट अरुंद होऊन पातें आवळलें जातें. शिवाय ही करवत पुढें ढकलतांना कापते. जमिनीवर उभें राहून ढकलणें सोपें. शिडीवर, हात डोक्याच्या वर असतांना ढकलूं गेल्यास पातें वांकतें आणि माणसाचा तोल जातो.

छाटणीच्या करवतीची घडण याच्या उलट असते. दांते मुठीच्या बाजूस कललेले असतात, म्हणून ती आपल्याकडे ओढतांना कापते. ओढलेलें पातें ताठ राहतें. त्यामुळें तें पातळ असलें तरी चालतें, आणि माणसाचें वजनही कामास येतें. ओल्या लांकडासाठीं इंचास पांच ते सात दांते पुरेत. बांधावरची वाळलेली बाभूळ कापावयाची असल्यास त्याहून बारीक दांते बरे. पातें किंचित् वांकडें असल्यास तें फांदीवर आपोआप रुततें, उंच फांदीस तें सोयीचें. कमरेइतक्या उंचीच्या कामाला सरळ पातेंही तितकेंच चांगलें. लांबीचा ठोकताळा असा कीं, पातें फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट असावें. सीताफळ, मोसंबी व डाळिंब यांस दहा ते तेरा इंचांचें पातें भरपूर होतें.

बोटाएवढ्या फांदीला करवत लावूंच नये. दोन सेंटिमीटरपर्यंतचें काम छाटणीच्या कात्रीचें. कात्री मात्र अशी घ्यावी कीं जिचीं पातीं एकमेकांना घासून जातात, ठोकून दाबत नाहींत. कमानी करवत जाड खोडाला व वाळल्या लांकडाला झपाट्यानें कापते, परंतु दाट बेचक्यांत तिची कमान शिरत नाहीं. यांत्रिक साखळी-करवतीचा मोह सध्यां पुष्कळांना होतो. पडलेलें झाड तोडण्यास ती ठीक. शिडीवर चढून ती चालविणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे, कारण पात्याचें टोंक फांदीस लागतांच ती उसळून अंगावर येते.

दुकानांत पातें हातीं घेऊन दांत्यांचीं टोंकें पाहावीं. तीं निळसर-काळीं दिसल्यास दांते कडक पाणी दिलेले आहेत असें समजावें. ते फार दिवस धार धरतात, पण बोथटल्यावर कानस लागत नाहीं, पातेंच बदलावें लागतें. म्हणून सुटें पातें मिळतें कीं नाहीं हें आधींच विचारावें. साध्या पोलादाचें पातें तिकोनी कानशीनें घरीं लावतां येतें. ज्याच्या गांवांत जाणता सुतार आहे त्यानें दुसरें घ्यावें, असें आमचें मत आहे.

आतां आमची चूक. जाड फांदी एका कापांत कधींही उतरवूं नये. खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालून, जाडीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शापर्यंत कापावें. मग दोन बोटें पुढें सरकून वरून कापावें. फांदी पडते, पण साल खालच्या कापापाशींच तुटते. राहिलेला खुंट शेवटीं काढावा. तो कोठें? फांदी जेथें खोडास मिळते तेथें एक फुगीर कडें असतें, त्याच्या लगत बाहेरून. खोडाशीं सपाट कापणें हीच चांगली छाटणी, असें पूर्वीं पुष्कळ जाणतेही मानीत; परंतु अमेरिकेच्या वनखात्यांतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनीं हजारों झाडें उभीं चिरून पाहिलीं, आणि कुजणें अडविणारा झाडाचा बांध त्या कड्यांतच असतो असें दाखविलें. कडें कापलें कीं बांध फुटला.

कापलेल्या जागीं बोर्डो मलम लावावा: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, लोखंडी भांडें वापरूं नये. बुरशीस त्यानें आळा बसतो, मात्र चुकीचा काप त्यानें सुधारत नाहीं.

डाळिंबावर तेल्या असेल तर एका झाडावरून दुसऱ्यावर जातांना पातें निर्जंतुक केलेंच पाहिजे, नाहींतर आपणच रोग वाहून नेतों. काम संपल्यावर चीक रॉकेलनें पुसून तेलाचा हात फिरवावा. आणि बांधावरच्या निंबाला करवत लावण्यापूर्वीं खोडावर नीट हात फिरवून पाहावा. जुन्या कुंपणाची तार किंवा खिळा सालीनें गिळलेला असतो, आणि एका ओढींत दहा-बारा दांते जातात.