छापा, काटा आणि केबल

इंदूरच्या आमच्या घरी बाबा कुमार गंधर्वांची सीडी लावतात, तेव्हा कुकरची शिट्टीही त्यांना खपत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी मित्राची बारा हजारांची केबल प्लेअर-अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लावून पाहिली. “तानपुरा कसा खुलला बघ!” लगेच घ्यायचीच ठरली.

मी म्हटलं, आधी परीक्षा घेऊ. बाबा पाठमोरे बसले. ताई नाणं उडवायची: छापा आला तर नवी, काटा आला तर जुनी. दर वेळी पिन काढून पुन्हा लावायची, म्हणजे आवाजावरून सुगावा नको. तोच तुकडा, तोच व्हॉल्यूम, दहा वेळा.

बाबांची सहा उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजानेही सरासरी पाच येतात. नऊ किंवा जास्त येण्याची शक्यता मात्र शंभरात एक.

“मग मला ऐकू आलं ते खोटं?” बाबा खट्टू झाले.

“खोटं नाही. नवी वस्तू दिसली की आपण जास्त लक्ष देऊन ऐकतो.”

मीटरभर चांगल्या केबलने ऐकू येण्यासारखा फरक सहसा पडत नाही. सैल पिन किंवा तुटलेलं शिल्डिंग असेल, तर मात्र खरखर किंवा घूं-घूं येते. तेवढं तपासा.

केबल परत गेली. लक्ष देऊन ऐकणं राहिलं; आता आम्ही तिघं ऐकतो.