लांब सुईचे क्रोशे : पहिला मफलर

पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, एक अर्धवट विणलेला मफलर पडून असतो. वीतभर वीण नीट उतरलेली असते. मग कोठेतरी एक टाका सुटून खालपर्यंत ओघळत गेलेला असतो, आणि त्या शिडीसारख्या भगदाडापाशीच विणणारीचा धीर संपलेला असतो. दोन सुयांच्या विणकामात सुटलेला टाका उचलणे ही सरावाची गोष्ट आहे. नवशिकीच्या तो लक्षात येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. अशा अर्ध्यावर थांबलेल्या हातांसाठी विणकामाचा एक वेगळा प्रकार आहे. त्याला ट्युनिशियन क्रोशे म्हणतात.

क्रोशे हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ लहान आकडा. आपल्याकडे या आकड्याच्या सुईवर सुती दोऱ्याचे रुमाल, तोरणे, टेबलावरची आच्छादने विणण्याची चाल जुनी आहे, आणि साखळी, खांब, मुका खांब ही तिची परिभाषाही घरोघर रुळलेली आहे. ट्युनिशियन क्रोशे याच कुळातले. त्याचा ट्युनिस शहराशी किंवा त्या देशाशी काही संबंध असल्याचा आधार मात्र मिळत नाही. इंग्लंडमधील भरतकाम-विणकामाच्या छापील साहित्यात ही वीण १८५८ च्या सुमारास दिसू लागते. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत तिला अफगाण क्रोशे असेही नाव आहे. नावांवरून मूळ शोधू जाणाऱ्याची अशी फसगत व्हावयाचीच!

साध्या क्रोशात प्रत्येक टाका तेथल्या तेथे पुरा होतो आणि सुईवर एकच फास उरतो. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर बसून राहतात. ट्युनिशियन क्रोशे या दोहोंच्या मधले आहे. येथे प्रत्येक ओळ दोन फेऱ्यांची असते. जाण्याच्या फेरीत उजवीकडून डावीकडे एकेक फास उचलून सुईवर साठवावयाचा. येण्याच्या फेरीत डावीकडून उजवीकडे ते सारे फास एकामागून एक सोडवावयाचे. ओळ संपली, की सुईवर पुन्हा एकच फास. काम खाली ठेवावयाचे ते याच ठिकाणी. मग सुई निसटली तरी एकच फास सुटतो, आणि तो अंधारातसुद्धा उचलता येतो. मात्र जाण्याच्या फेरीत मध्येच कोणी हाक मारली म्हणून उठू नये. तेव्हा सुई निसटली तर सगळे फास एकदम मोकळे होतात. दुसरी सोय अशी, की काम कधी उलटावे लागत नाही. सुलट बाजू सदैव डोळ्यांसमोर असते, म्हणून चूक झाली तर ती लगेच दिसते. डावखुऱ्या व्यक्तीने वर सांगितलेल्या दिशा फक्त उलट्या समजाव्या.

साहित्य थोडेच लागते. मध्यम जाडीची लोकर, जिला दुकानदार डबल निटिंग म्हणतात, ती सुमारे २०० ते २५० ग्रॅम घ्यावी. ही वीण साध्या विणकामापेक्षा अधिक लोकर खाते, म्हणून एकाच रंगछटेच्या सगळ्या गुंड्या एकदम आणणे शहाणपणाचे. रंग फिका आणि लोकर गुळगुळीत असावी. गडद निळ्या किंवा काळ्या लोकरीत दिव्याच्या उजेडात टाक्याचा धागा दिसत नाही, आणि या विणीत सगळे काम तो धागा दिसण्यावर आहे. सुई लांब, मागच्या टोकाला बोंड असलेली, ६ मिलिमीटर जाडीची. एवढ्या लोकरीच्या साध्या क्रोशाला ४ मिलिमीटरची सुई पुरते. येथे ती मुद्दाम जाड घ्यावयाची. त्याचे कारण पुढे येईल. बारा-पंधरा टाक्यांचा सराव करावयाचा असेल तर सरळ दांड्याच्या साध्या सुईच्या मागच्या टोकाला रबराचे दोन वेढे दिले तरी भागते.

२८ साखळ्या घालाव्या. सुईवरचा फास त्यांत धरू नये. आता सुईजवळची पहिली साखळी सोडून दुसरीत सुई घालावी, लोकर ओढून फास काढावा आणि तो सुईवरच राहू द्यावा. असे शेवटच्या साखळीपर्यंत करीत गेले, की सुईवर २८ फास होतात. साखळी किंचित उलटी धरली तर तिच्या पाठीवर गाठींसारखे उंचवटे दिसतात; पहिल्या ओळीचे फास त्या उंचवट्यांतून काढले तर खालची कड अधिक सपाट बसते.

मग परतावयाचे. लोकर सुईवर घेऊन ती फक्त एका फासातून ओढावी. त्यानंतर पुन्हा लोकर घ्यावी आणि या वेळी दोन फासांतून ओढावी; एक फास उरेपर्यंत हेच दोन-दोनांचे काम चालू ठेवावे. पहिल्या वेळी एकाऐवजी दोन फासांतून लोकर ओढली, तर डावी कड आखडते आणि एक टाकाही कमी होतो. नवशिक्यांच्या हातून ही चूक फार होते.

पहिली ओळ पुरी झाली, की विणीवर उभे धागे रांगेने दिसू लागतात. चाळणीच्या जाळीसारखे नव्हे, तर काठ्यांच्या कुंपणासारखे. दुसऱ्या ओळीपासून सुई या उभ्या धाग्यांखालून घालावयाची. उजव्या कडेचा अगदी पहिला उभा धागा सोडून द्यावा, कारण सुईवर असलेला फास हाच त्या जागेचा टाका होय. दुसऱ्या धाग्याखालून उजवीकडून डावीकडे सुई घालावी, फास काढावा, आणि असेच पुढे जावे. डाव्या कडेच्या शेवटच्या टाक्याशी मात्र थांबून पाहावे. तेथे उभ्या धाग्याच्या मागे आणखी एक धागा चिकटलेला असतो. सुई त्या दोहोंखालून घातली तर कड दोरीसारखी सरळ आणि घट्ट उतरते. एकाखालूनच घातली तर ती सैल, लोंबती राहते. आता फास मोजावे. २८ भरले तरच परतावे.

हे मोजणे कंटाळवाणे वाटते, पण पहिल्या वीस ओळींत ते सोडू नये. डाव्या कडेचा शेवटचा टाका आत दबून बसलेला असतो, आणि तो वारंवार राहून गेला तर मफलर हळूहळू निमुळता होत जातो. उजवीकडचा पहिला धागा चुकून उचलला तर उलट तो रुंद होत जातो. दोन्ही चुका एकाच ओळीत झाल्या तर बेरीज बरोबर येते आणि वीण तिरपी जाते. म्हणून नुसता आकडा जुळण्यावर विसंबू नये, कडाही पाहाव्या. चूक सापडली तर सुई काढून लोकर ओढावी. चुकीच्या ओळीपर्यंत वीण सरसर उसवते, आणि तेथला एक फास उचलून पुन्हा सुरुवात करता येते.

याहूनही अधिक लोकांना निराश करणारी गोष्ट निराळीच आहे. चार-सहा ओळी होतात आणि सगळी वीण खालून वर गुंडाळू लागते, जणू तव्यावरच्या वाळक्या पोळीची कड. विणणारीला वाटते, आपलाच हात वाईट. तसे नाही. या विणीत समोरच्या बाजूला फक्त उभे धागे राहतात. परतीच्या फेरीतली बरीचशी लोकर मागे जाऊन साठते. पाठ जाड आणि पोट आवळलेले झाले, की कापड समोरच्या बाजूस वळणारच. जाड सुई घ्यावयाची ती यासाठीच. टाके सैल पडले, की हा ताण कमी होतो. परतीच्या फेरीत हात मुद्दाम ढिला ठेवावा. शिवाय पहिल्या आणि शेवटच्या तीन-चार ओळी उलट टाक्यांच्या विणाव्या. त्यासाठी फास काढण्यापूर्वी लोकर सुईच्या पुढे आणावी, सुई नेहमीसारखी उभ्या धाग्याखालून घालावी, आणि मग लोकर सुईवर घेऊन फास ओढावा. पुढे राहिलेला तो आडवा धागा पाठीच्या जाडीला तोलून धरतो. एवढे करूनही थोडा वळ राहतो. तो धुण्यात जातो.

रुंदी ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून असते. म्हणून २० टाक्यांचा हातभर नव्हे, पण चार बोटे उंचीचा तरी नमुना आधी विणावा आणि मधल्या चार इंचांत किती टाके बसतात ते मोजावे. १६ बसले तर सात इंच रुंदीला २८ टाके पुरतात. १४ बसले तर २४ किंवा २५ टाक्यांवर काम भागते. साठ इंच लांबीला साधारण २०० ओळी लागतात, म्हणजे ५,६०० टाके. आकडा ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही. रोज रात्री चार ओळी झाल्या तर पन्नास दिवसांत काम उरकते. दिवाळीनंतर घातलेला मफलर ग्वाल्हेर-इंदूरकडची थंडी ऐन भरात असताना गळ्यात पडतो.

शेवटच्या ओळीची परतीची फेरी झाली, की नव्याने फास साठवू नयेत. दुसऱ्या उभ्या धाग्याखालून सुई घालून लोकर घ्यावी आणि ती त्या धाग्यातून व सुईवरच्या फासातून एकदमच ओढून घ्यावी. शेवटपर्यंत हेच केले म्हणजे टाके बंद होतात. लोकर वीतभर ठेवून कापावी, टोक फासातून ओढून घ्यावे आणि बोथट सुईने मागच्या बाजूस विणीत लपवावे.

खऱ्या लोकरीचा मफलर गार पाण्यात भिजवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि पलंगावर जाड चादर पसरून तिच्यावर टाचण्यांनी ताणून वाळू द्यावा. अॅक्रिलिकच्या लोकरीवर पाण्याचा एवढा परिणाम होत नाही. तिला इस्त्रीची वाफ लांबूनच द्यावी. तापलेली इस्त्री टेकली तर धागा कायमचा लुळा पडतो, आणि पन्नास रात्रींचे काम पाच मिनिटांत बिघडते.