कोर्टाच्या भिंती ओलांडून

पुण्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला की त्याला सोळा अक्षर-अंकांची ओळख मिळते : सीएनआर क्रमांक. पहिली दोन अक्षरे ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र, पुढची ‘पीयू’ म्हणजे पुणे. मग दोन अंक न्यायालयाचे, सहा प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. देशात तालुका आणि जिल्हा न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. त्यांतले नेमके एक या सोळा खुणांनी हाती लागते!

हा क्रमांक ‘ई-कोर्ट्स’च्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर टाका. पक्षकार, वकील, प्रकरणाचा टप्पा, पुढची तारीख, सारे समोर येते. मागच्या एखाद्या तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशीचे कामकाज उघडते : साक्षीदार हजर होता का, मुदत कोणी मागितली, पुढची तारीख कशासाठी पडली. एवढ्यासाठी पूर्वी कामाचा दिवस मोडून कोर्टात जावे लागे. आता गडचिरोलीतला पक्षकारही हे घरबसल्या, फुकट पाहू शकतो.

यामागचे तत्त्व जुनेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५३-ब सांगते, की सुनावणीची जागा खुली मानावी आणि तिथे सोयीने मावतील तितक्या लोकांना येऊ द्यावे. मावतील तितक्या! म्हणजे खुल्या न्यायाला मर्यादा होती ती खोलीच्या आकाराची. इंटरनेटने नेमकी तीच पुसली.

निकालपत्रांचेही तसेच. न्यायालयाने मनाई केली नसेल, तर निकाल पुन्हा छापणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. म्हणूनच २००८ मध्ये सुशांत सिन्हा यांना ‘इंडियन कानून’ हे निकालांचे मोफत शोधयंत्र उभारता आले. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही आपले सुमारे ३४ हजार निकाल ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले केले. निकालांचे महागडे खंड घेणे न परवडणाऱ्या तालुक्याच्या नवख्या वकिलाला हे केवढे बळ!

काही दारे मात्र बंदच हवीत. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहायला हवा.

तुमचे एखादे प्रकरण चालू असेल, तर वकिलांकडून सीएनआर क्रमांक आजच मागून घ्या. सरकारी कामासाठी प्रमाणित नक्कल लागेलच. पण आपल्या खटल्यात काय चालले आहे, हे जाणून घ्यायला आता कुणाची परवानगी लागत नाही.