जुन्या जीपचे पेट्रोल कोठे अडते?

सामूहिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे खेड्यात सरकारी माणूस आला म्हणजे तो बहुधा जीपमधून येई. त्यापूर्वी १९४७ मध्येच महिंद्रांनी विलीज जीपचे सुटे भाग आणून ती मुंबईत जुळविण्यास आरंभ केला होता. त्या घराण्यातील काही पेट्रोल जीप आजही शेतकऱ्यांच्या दारी उभ्या आहेत आणि ऊसतोडीच्या दिवसांत मळ्याच्या वाटेवर धावतात. त्यांची नेहमीची तक्रार एकच असते. गाडी चालता चालता आचके देते व बंद पडते. (ज्यांनी मागाहून डिझेल इंजिन बसवून घेतले आहे, त्यांना पुढील मजकूर लागू नाही.)

अशा वेळी बहुतेक मालक प्रथम कार्ब्युरेटर उघडतात. ही चूक होय. पेट्रोल चालकाच्या आसनाखालील टाकीतून निघते, नळीने पंपापर्यंत येते, पंप ते पुढे ढकलतो आणि सरतेशेवटी ते कार्ब्युरेटरमध्ये पडते. पाटाचे पाणी वाफ्यात आले नाही, तर आपण वाफा खणत बसत नाही. पाट धरून मागे जातो व पाणी कोठे अडले ते पाहतो. येथेही तसेच करावे. मात्र प्लगमध्ये ठिणगी पडते की नाही हे पेट्रोलचा कोणताही जोड सोडण्यापूर्वी पाहून घ्यावे. नंतर ठिणगीचा प्रयोग करू नये.

पहिली तपासणी टाकीची. काट्यावर विश्वास न ठेवता स्वच्छ, कोरडी काठी आत घालून पेट्रोल किती आहे ते पाहावे. त्यानंतर झाकण पाहावे. पेट्रोल जितके खर्च होते तितकी हवा टाकीत शिरली पाहिजे, आणि जुन्या झाकणास त्यासाठी बारीक छिद्र असते. ते बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होते व पंपाची ओढ अपुरी पडते.

पाटण तालुक्यातील एका बागायतदाराची जीप ऐन श्रावणात दर सात-आठ किलोमीटरवर बंद पडे आणि पाव तास उभी केली की पुन्हा सुरू होई. तालुक्याच्या गावी तिचा कार्ब्युरेटर तीन वेळा उघडून झाला होता. आम्ही गाडी बंद पडताच झाकण सैल केले, तो आत हवा शिरल्याचा सुस्कारा स्पष्ट ऐकू आला. चालकास विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पावसाचं पाणी आत जातं म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घातलाय." कागद काढला, आणि गाडी त्याच दिवशी घाट चढून गेली. मालकाचे मात्र तीन वेळचे पैसे गेले ते गेलेच. शिवाय रात्री घरात आजारी माणूस असताना ही गाडी भरवशाची नाही म्हणून त्यांनी ती विकावयास काढली होती.

झाकण निर्दोष असेल तर पंपाकडे वळावे. इंजिन थंड होऊ द्यावे, किल्ली बंद ठेवावी, बॅटरीची एक तार सोडावी. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी तेथे सोडून तिचे टोक काचेच्या बरणीत धरावे व दुसऱ्या माणसाने पुढील हँडल फिरवावे. पंपाचा दांडा कॅमशाफ्टवर चालतो. म्हणून हँडलच्या दर दोन फेऱ्यांस पेट्रोलची एक जोरकस चिळकांडी यावयास हवी. ती येत असेल तर दोष पुढे, कार्ब्युरेटरमध्ये आहे. पेट्रोलबरोबर बुडबुडे येत असतील तर टाकी व पंप यांमधील नळी हवा ओढीत आहे. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण या भागातील चीर बाहेरून ओली दिसेलच असे नाही. पंपाच्या पुढील नळी फुटली तर पेट्रोल ठिबकते. मागील फुटली तर हवा आत जाते, आणि मालक 'कोठेही गळत नाही' म्हणून निश्चिंत राहतो.

काहीच आले नाही, तर पंपाच्या मागील नळी सोडून तेथे रबरी नळीचा तुकडा लावावा व तो ताज्या पेट्रोलच्या डब्यात बुडवून पुन्हा हँडल फिरवावे. आता पंप ओढू लागला, तर टाकीतील गंज किंवा तुंबलेली जाळी हे कारण समजावे. तरीही ओढला नाही, तर पंपाचा पडदा वा झडपा गेल्या. पडदा फाटला असता पेट्रोल कधी कधी इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरते. तेलाची काडी काढून वास घ्यावा. तेलाची पातळी वाढली असेल व पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पातळ झालेले तेल बेअरिंगे खाते, आणि तो खर्च पंपाच्या कितीतरी पट होतो.

कार्ब्युरेटरमध्ये बहुधा सुई अडकते किंवा जेटमध्ये कचरा बसतो. जेट तारेने कोरू नये, छिद्र मोठे होते. सायकलच्या पंपाने फुंकावे. फ्लोट म्हणजे आतील पितळी डबी. ती कानाशी हलवून पाहावी. आत पेट्रोल खुळखुळले तर तिला भोक पडले आहे.

ही सर्व कामे उघड्यावर करावीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते, आणि चार हातांवरील चूलसुद्धा तिला पेटवू शकते. विडी तर नकोच. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवयही सोडावी. टाकी रिकामी असली तरी तिला घरी डाग देण्याचा प्रयत्न करू नये. रिकाम्या टाकीतील वाफच अधिक घातक असते.

एक नवी अडचणही आहे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. या इथेनॉलचा काही भाग आपल्याच उसापासून होतो, तेव्हा त्यास नावे ठेवणे आपणांस शोभणार नाही. परंतु ही जीप घडली तेव्हा असे इंधन कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे त्याने फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. टाकीतील जुना मळ सुटून जाळीवर येतो, म्हणून पहिल्या काही टाक्यांच्या वेळी जाळी वारंवार धुवावी. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि पंप नेमका तोच थर ओढतो. यासाठी पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी करू नये. नळ्या व पडदा बदलताना इथेनॉल सहन करणारे रबर, उदाहरणार्थ व्हायटॉन, दुकानदाराकडे स्पष्ट नाव घेऊन मागावे, आणि गाडी आचके देऊ लागण्याची वाट न पाहता हे काम सुगीपूर्वी उरकून घ्यावे.