आगमनापूर्वीची एक विसरलेली तयारी

भाद्रपद लागण्यापूर्वीच घराघरांतून लगबग सुरू होते. माळ्यावरचे मखर खाली उतरते, समया चिंचेने घासून लखलखीत होतात, झांजांना नवे गोंडे लागतात आणि पूजेची वेळ ठरविण्यासाठी गुरुजींकडे निरोप जातो. या साऱ्या तयारीत एक वस्तू मात्र कोणाच्याच यादीत नसते. देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलेला बिनतारी स्पीकर ही ती वस्तू. आज शहरांतील कितीतरी कुटुंबांत आरतीचा सूर तोच धरतो. घरात माणसे दोन किंवा तीन. टाळ वाजवावयास हात पुरत नाहीत. मग त्या लहानशा डब्यातून समर्थ रामदासांची आरती सुरू होते आणि घरची मंडळी तिच्यामागून म्हणू लागतात. कोकणात किंवा गोव्याच्या चवथीला, जेथे अवघा वाडा आरतीस लोटतो, तेथे या डब्याचे कोणास अगत्य नाही. परंतु पुण्या-मुंबईच्या सदनिकेत, तसेच समुद्रापलीकडील मराठी घरांत, तो पाट-चौरंगाइतक्याच सहजपणे येऊन बसला आहे.

याबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यातले नाही. घरात ग्रामोफोन आला, रेडिओ आला, पुढे कॅसेट आली, तरी आरती काही बुडाली नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. ग्रामोफोनला केवळ कंठ होता. त्याला कान नव्हते, आणि त्याच्यातून घराबाहेर जाणारी वाटही नव्हती. आजचा स्पीकर हा एक लहानसा संगणकच आहे. घरच्या वायफायमार्फत तो अहोरात्र बाहेरच्या जगाशी जोडलेला असतो आणि पुष्कळदा त्याला मायक्रोफोनही असतो. ज्या खोलीत आपण कुलदैवतापुढे मन मोकळे करतो, त्याच खोलीत ऐकू शकणारी आणि ऐकलेले दूर पाठवू शकणारी अशी ही वस्तू आहे. तिच्या दारांच्या कड्या-कुलपांकडे पाहणे हेही मग गृहस्थाच्या कर्तव्यातच येते.

हे भय पोकळ नव्हे. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाचे संशोधक माथी व्हानहूफ यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये, घरोघरच्या वायफायचे रक्षण करणाऱ्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतीतच उणीव असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी ब्लूटूथमधील ‘ब्लूबोर्न’ नावाच्या उणिवा उघड झाल्या. ॲमेझॉनचा इको आणि गूगल होम हे दोन्ही स्पीकर त्यांच्या कक्षेत होते व दोन्ही कंपन्यांना दुरुस्त्या धाडाव्या लागल्या. पुढे २०२१ मध्ये मॅट कुन्झे या संशोधकाने गूगलला कळविले की, त्यांच्या घरगुती स्पीकरच्या जवळपास पोहोचलेल्या परक्या माणसास आपले स्वतःचे खाते त्याच्याशी जोडता येते आणि मग दुरून त्याचा मायक्रोफोनही ऐकता येतो. गूगलने ती वाट बुजविली आणि त्याला १,०७,५०० डॉलर बक्षीस दिले. एवढी रक्कम क्षुल्लक दोषासाठी कोणी देत नाही.

याहून बोलके उदाहरण सोनॉस या अमेरिकी कंपनीच्या स्पीकरचे आहे. एनसीसी ग्रुप या संगणक-सुरक्षेच्या संस्थेतील संशोधकांना (आपल्या छात्रसेनेशी हिचा काही संबंध नाही) ‘सोनॉस वन’ या स्पीकरच्या वायफायच्या भागात दोष आढळला. वायफायच्या टप्प्यात येऊ शकणाऱ्या माणसास त्यायोगे स्पीकर पूर्णपणे ताब्यात घेता येई आणि घरच्यांच्या नकळत खोलीतील बोलणे ध्वनिमुद्रित करता येई. येथे तारखांकडे लक्ष द्यावे. कंपनीने दुरुस्तीचा अपडेट २०२३ च्या अखेरीस पाठविला. संशोधकांनी सारा तपशील ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर सभेत मांडला. ज्यांच्या स्पीकरने तो अपडेट घेतला होता ती घरे धोक्याची वार्ता ऐकण्यापूर्वीच सुरक्षित झाली होती. ज्यांनी घेतला नाही, त्यांच्या घराचे मोडके कुलूप मात्र त्या दिवसापासून जगजाहीर झाले. अपडेट म्हणजे काय, हे यावरून कळावे. एखाद्या दाराची कडी खिळखिळी असल्याचे सुताराच्या ध्यानात येते, आणि तो नवी कडी घरपोच पाठवितो. ती बसविली गेली की नाही हे पाहणे आपल्याकडे राहते.

पुष्कळ वायफाय स्पीकर वीज आणि इंटरनेट मिळत असेल तर हे काम रात्री आपले आपण उरकतात. अडचण येते ती वर्षभर कपाटात राहणाऱ्या स्पीकरची. झांजांच्या पिशवीबरोबर तो गणपतीपुरता बाहेर निघतो आणि चतुर्थीच्या सकाळी प्रथमच वीज पाहतो. वर्षभरातील एकही दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. त्यातून तो ऐन वेळी अपडेट घेऊ लागला, तर काही मिनिटे मुका होऊन बसतो. प्राणप्रतिष्ठा आटोपलेली, हातात निरांजन, आणि डबा निःशब्द. म्हणून आगमनापूर्वी आठवडाभर तरी तो काढावा, वीज व वायफाय देऊन एक रात्र तसाच ठेवावा, आणि सकाळी त्याच्या ॲपमध्ये ‘अपडेट शिल्लक नाही’ असे दिसते का ते पाहावे. केवळ ब्लूटूथवर चालणाऱ्या स्पीकरला अपडेट असलाच तर तो बहुधा कंपनीच्या ॲपमधून, फोन जवळ धरूनच द्यावा लागतो. तो आपोआप येईल या भरवशावर राहू नये. राऊटर हा तर घराचा मुख्य दरवाजा. त्याचाही अपडेट याच वेळी पाहावा, आणि बसविणाऱ्याने ठेवलेला ‘ॲडमिन’ हा पासवर्ड अद्याप तसाच असल्यास त्याच दिवशी बदलावा.

आता पाहुण्यांचा विषय, आणि खरा नाजूक भाग हाच. गणपती म्हटला की घर भरते. दर्शनास आलेल्या मंडळींपुढे करंज्या-मोदकांचे ताट येते, पाणी येते, आणि पाठोपाठ कोणी तरुण भाचा हळूच विचारतो, “मामी, वायफायचा पासवर्ड काय?” नाही कसे म्हणावे? पाच दिवसांत पन्नास फोनांत तो पासवर्ड जाऊन बसतो व तेथेच राहतो. पाहुणा सज्जन असतो यात शंका नाही. पण त्याच्या फोनमध्ये काय शिरलेले आहे हे त्यासही ठाऊक नसते. एप्रिल २०२५ मध्ये ओलिगो या सुरक्षा संस्थेने ॲपलच्या ‘एअरप्ले’ पद्धतीतील २३ उणिवा कळविल्याचे जाहीर केले, त्या येथे आठवाव्यात. एअरप्ले ही फोनमधील गाणे बिनतारी स्पीकरवर पाठविण्याची पद्धत. यांपैकी काही उणिवांचा उपयोग करून, त्याच वायफायवर असलेल्या माणसास घरधन्याने कोठेही बोट न लावता स्पीकर काबीज करता येत होता. ॲपलने स्वतःच्या उपकरणांसाठी दुरुस्ती दिली. परंतु ही पद्धत वापरणारे स्पीकर इतर अनेक कंपन्याही करतात. त्यांतील प्रत्येकीने आपापला अपडेट काढावयाचा, तो प्रत्येक घरात पोहोचावयाचा; जुन्या स्पीकरच्या वाट्यास तो येईलच असे नाही. ‘त्याच वायफायवर’ हे दोन शब्द यजमानाने ध्यानात ठेवावेत.

उपाय असा आहे की पाहुण्यांचा मानही राहतो. बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय सुरू करण्याची सोय असते. त्याचे नाव व पासवर्ड एका कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून ओसरीवर किंवा दिवाणखान्यात लावावा. मागण्याचा संकोचही नको. त्या वायफायवर इंटरनेट पुरते मिळते, पण घरचा स्पीकर, दूरदर्शन संच, दारावरचा कॅमेरा यांपर्यंत पाहुण्याचा फोन पोहोचत नाही. जुन्या वाड्यांत ओसरी सर्वांना खुली असे आणि माजघरात मात्र कोणी विचारल्यावाचून जात नसे. त्यात कोणास अपमान वाटत नसे, आणि यातही वाटण्याचे कारण नाही. विसर्जनानंतर हे पाहुण्यांचे वायफाय बंद करावे.

स्पीकरच्या स्वतःच्या सेटिंगांतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ॲपलच्या ‘होम’ ॲपमध्ये स्पीकरवर कोणी गाणे लावावे हे ठरविता येते : कोणीही, त्याच वायफायवरील कोणीही, की केवळ घरची मंडळी. यांतील तिसरा पर्याय निवडावा. सोनॉसच्या ॲपमध्ये जोडणीच्या सुरक्षिततेचा एक विभाग असून पाहुण्यांना दिलेली मुभा तेथे बंद करता येते. गूगलच्या स्पीकरवर काही वाजू लागले की त्याच वायफायवरील इतरांच्या अँड्रॉइड फोनवर ते थांबविण्याचे बटण उमटू शकते. आरती ऐन रंगात आली असता ती मध्येच तुटावी आणि सर्वांनी एकमेकांकडे पाहावे, याचे मूळ कधी कधी एखाद्या बालकाच्या हातातील फोनात असते! इतरांना हे नियंत्रण न देण्याचे सेटिंग गूगलच्या होम ॲपमध्ये आहे.

ॲलेक्साच्या ‘ड्रॉप इन’ सोयीविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. परदेशी असलेली मुले येथील आजी-आजोबांची खबर घेण्यासाठी ही सोय आवर्जून सुरू करून देतात. पलीकडच्याने हाक दिली की इकडे कोणी फोन उचलण्याची वाट न पाहता बोलणे सुरू होते. माया त्यामागे आहे हे खरे, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तिचा आधारही आहे. पण ही परवानगी कोणाकोणास दिली आहे, त्यात जुने एखादे नाव राहून गेले आहे काय, हे वर्षातून एकदा तपासावयास नको काय? पूजेच्या वेळेपुरते ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून ठेवावे, म्हणजे मंत्रपुष्पांजलीच्या मध्येच कोणाचा आवाज घुमणार नाही.

राहिला मायक्रोफोन. पूजेच्या आरंभी यजमान संकल्प करतो. त्यात तो आपले नाव, गोत्र, स्थळ आणि मनातील कामना उच्चारतो. मुलीचे लग्न, कोणाचे दुखणे, अडलेला व्यवहार, हे सारे देवापुढे बोलले जाते. कंपन्या सांगतात की ठरलेली हाक ऐकल्याखेरीज स्पीकर काही मुद्रित करीत नाही. तत्त्वतः ते बरोबर असेल. परंतु हाकेसारखा भासणारा दुसराच शब्द ऐकून तो जागा होतो हा अनेकांचा अनुभव आहे, आणि ॲमेझॉन, गूगल व ॲपल या तिन्ही कंपन्यांसाठी काम करणारी माणसे अशा ध्वनिमुद्रणांपैकी काही प्रत्यक्ष ऐकत असल्याचे २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून उघड झाले. त्यानंतर ते नाकारण्याची आणि साठविलेले आवाज पुसण्याची सोय मिळाली. तीही सेटिंगांतच असते. आमच्या मते पूजेच्या वेळी मायक्रोफोन बंदच असावा. इकोवर त्यासाठी बटण आहे, ते दाबले की लाल दिवा लागतो; गूगलच्या स्पीकरवर मायक्रोफोनची कळ आहे, ती सरकविली की नारिंगी दिवे दिसतात. ॲपलच्या होमपॉडवर अशी कळ नाही. तेथे सेटिंगांतून ऐकणे थांबविता येते. मायक्रोफोन बंद केल्याने आरती बंद पडत नाही. फोनवरून ती पूर्ववत लावता येते.

अपडेटांविषयी लोकांच्या मनात राग असतो, आणि तो अगदी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मे २०२४ मध्ये सोनॉसने नवे ॲप आणले, तेव्हा गजर लावण्यासारख्या साध्या सोयी त्यात नव्हत्या; ग्राहक इतके संतापले की प्रमुख अधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांना जाहीर क्षमा मागावी लागली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी पदही सोडले. सुरक्षेची दुरुस्ती आणि कंपनीच्या हौसेची रंगरंगोटी ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून येतात, हे या व्यवसायाचे मोठे वैगुण्य होय. दुरुस्ती घ्यावयाची तर रंगरंगोटी सोसावी लागते. तरीही ती नाकारून कडी मोडकी ठेवणे हा महागडा हट्ट ठरतो.

स्पीकरला आयुष्यही असते. डबा सुस्वर वाजत असतो, आणि कंपनी मात्र त्यास अपडेट धाडणे थांबवते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने, सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील हे निर्मात्याने सांगणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे नवा स्पीकर घेताना, विशेषतः दसरा-दिवाळीच्या सवलतींच्या गर्दीत, आवाजाच्या भरदारपणाबरोबर हाही प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा. अपडेट थांबलेला स्पीकर टाकून देण्याची घाई मात्र नको. त्याचे वायफाय काढून घ्यावे. त्यास तारेची जागा असेल तर तारेने, नाही तर पूजेपुरता ब्लूटूथने वाजवावा आणि एरवी बंद ठेवावा.

तो भंगारात किंवा दुसऱ्या कोणास द्यावयाचा झाल्यास, त्यापूर्वी फॅक्टरी रीसेट करून खात्यातूनही त्याचे नाव काढावे. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या बाजारातून ८६ इको डॉट विकत घेऊन तपासले आणि २०२१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक स्पीकर मालकांनी रीसेट न करताच विकले होते. रीसेट केलेल्या स्पीकरांच्या स्मृतीतूनही जाणकारास जुन्या घराच्या वायफायचा पासवर्ड काढता येत होता. तेव्हा स्पीकर घराबाहेर गेला की त्या आठवड्यात घरच्या वायफायचा पासवर्डही बदलावा.