पिपेटवरील खूण आणि प्रत्यक्ष घनफळ : महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील अंशशोधन

प्रस्तावना :

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत अनुमापनाचे वाचन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की विद्यार्थ्याचे गुण कमी होतात. निर्देशकाचा रंग उशिरा ओळखला, ब्युरेटमध्ये बुडबुडा राहिला, घाई झाली, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. ज्या पिपेटने द्रावण घेतले गेले, त्याच्यावर मात्र सहसा कोणी संशय घेत नाही. काचसामान फुटले तर त्याची नोंद ब्रेकेज रजिस्टरमध्ये होते. न फुटता वर्षानुवर्षे चुकीचे मोजणाऱ्या पिपेटसाठी बहुतेक ठिकाणी कोणतेच रजिस्टर नसते. प्रस्तुत लेखात पिपेटच्या अंशशोधनाचे म्हणजेच कॅलिब्रेशनचे तत्त्व, त्याची कृती आणि त्यातून निघणाऱ्या आकड्याचा उपयोग यांचे विवेचन केले आहे. काचेच्या पिपेटपुरते बोलायचे तर त्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक महाविद्यालयात असते : ०.१ मि.ग्रॅ.पर्यंत वाचणारा तराजू, तापमापी, झाकणाची कुपी आणि ऊर्ध्वपातित पाणी.

खुणेचा अर्थ :

‘पिपेट’ आणि ‘ब्युरेट’ या संज्ञा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसॅक यांनी १८२४ च्या सुमारास रूढ केल्या. तेव्हापासून पिपेटचे मूळ रूप फारसे बदललेले नाही. बदलली ती त्यावरील अक्षरांमागची शिस्त. एका खुणेच्या १० मि.ली. पिपेटवर ‘ए’ हे अक्षर असेल, तर त्याची अनुज्ञेय त्रुटी ±०.०२ मि.ली. असते, ‘बी’ वर्गासाठी ती दुप्पट, म्हणजे ±०.०४ मि.ली. धरली जाते. २५ मि.ली.च्या पिपेटसाठी हेच आकडे अनुक्रमे ०.०३ आणि ०.०६ आहेत.

‘टी.डी.’ किंवा ‘एक्स’ या अक्षरांचा अर्थ असा की, खुणेपर्यंत भरलेल्या द्रवापैकी जेवढा द्रव आपोआप बाहेर पडतो, तेवढ्याचेच घनफळ १० मि.ली. आहे. काचेला चिकटलेला थर आणि टोकात राहिलेला अंश कारखान्यात खूण करतानाच हिशेबात घेतलेला असतो. असे असूनही शेवटचा थेंब फुंकून टाकण्याची सवय अनेक प्रयोगशाळांत आढळते. साधारण २० थेंबांचा १ मि.ली. धरला तर एक थेंब ०.०५ मि.ली. होतो. टोकातला अंश त्याच्या निम्मा असला, तरी ‘ए’ वर्गाची सारी मर्यादा एका फुंकरीत ओलांडली जाते. महागडे पिपेट घ्यायचे आणि ते फुंकायचे, यात खर्चाचा काहीच अर्थ उरत नाही. फुंकून वापरायची पिपेटे वेगळी असतात आणि त्यांच्यावर तशी निशाणी असते.

अक्षरांबरोबर तापमानही छापलेले असते. आंतरराष्ट्रीय व्यवहारात संदर्भ तापमान २०° से. आहे, उष्ण हवामानाच्या देशांना २७° से. स्वीकारण्याची मुभा आहे आणि भारतीय मानकांनी तेच स्वीकारले आहे. त्यामुळे एकाच कपाटात २०° आणि २७° अशी दोन्ही प्रकारची पिपेटे सापडू शकतात. यातून होणारा फरक मात्र नगण्य आहे. बोरोसिलिकेट काच एका अंशाला घनफळाच्या सुमारे एक लाखांश भागाने प्रसरण पावते, १० मि.ली. पिपेटमध्ये सात अंशांचा फरक ०.००१ मि.ली.ही भरत नाही. खरी अडचण काचेची नसून पाण्याची आहे.

एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम?

१९०१ मध्ये एक किलोग्रॅम पाण्याचे कमाल घनतेला असलेले घनफळ म्हणजे एक लिटर अशी व्याख्या ठरली. ती १९६४ मध्ये रद्द होऊन लिटर म्हणजे एक घन डेसिमीटर हेच मान्य झाले. ‘एक मि.ली. पाणी म्हणजे एक ग्रॅम’ हे शालेय समीकरण त्या जुन्या व्याख्येशी मिळतेजुळते आहे. पण ते साधारण ४° से. तापमानालाच लागू पडते. पाण्याची घनता २०° ला ०.९९८२, २७° ला ०.९९६५, ३०° ला ०.९९५७ आणि ३५° ला ०.९९४० ग्रॅम प्रति मि.ली. असते. शिवाय तराजूवर पाण्याला हवेचे उत्प्लावक बल वर उचलत असते, त्यामुळे वजन आणखी थोडे कमी भरते. या दोन्ही गोष्टी एकत्र करून एक गुणक काढला जातो. सामान्य वातावरणीय दाबाला त्याचे मूल्य २०° ला सुमारे १.००२९, २७° ला १.००४५ आणि ३०° ला १.००५४ येते. ग्रॅममधील वजनाला या गुणकाने गुणले की मि.ली.मधील घनफळ मिळते.

उदाहरणादाखल समजा, ३०° से. तापमानाला १० मि.ली.च्या ‘ए’ वर्गाच्या पिपेटने पाच वेळा पाणी घेऊन ९.९३०१, ९.९३२८, ९.९२९५, ९.९३३० आणि ९.९३०६ ग्रॅम अशी वजने मिळाली. सरासरी ९.९३१२ ग्रॅम येते. गुणकाचा विसर पडला तर हे पिपेट जवळजवळ ०.०७ मि.ली. कमी देते असा निष्कर्ष निघेल आणि ‘बी’ वर्गाच्या मर्यादेतही न बसणारे म्हणून ते बाद होईल. १.००५४ ने गुणल्यावर मात्र घनफळ ९.९८५ मि.ली. येते. त्रुटी फक्त ०.०१५ मि.ली., म्हणजे पिपेट ‘ए’ वर्गाच्या मर्यादेत आहे. अंशशोधन अर्धवट करणे हे न करण्यापेक्षाही घातक ठरू शकते.

कृती :

पिपेट प्रथम अपमार्जकाने धुऊन, वाहत्या व नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने खंगाळावे. पाणी उतरताना आतील भिंतीवर थेंब थांबत असतील तर काच तेलकट आहे. तशा पिपेटचे वजन घेण्यात अर्थ नाही. पाणी आणि पिपेट तराजूच्या खोलीत तासभर ठेवून पाण्याचे तापमान अर्ध्या अंशापर्यंत नोंदवावे. ३०° च्या आसपास एका अंशाची चूक १० मि.ली.मध्ये सुमारे ०.००३ मि.ली.चा फरक पाडते. झाकणासह कुपीचे वजन घ्यावे. रबरी फुग्याने पाणी खुणेच्या वर ओढून बाहेरचे टोक पुसावे, नजर खुणेच्या पातळीत ठेवून मेनिस्कसचा तळ खुणेला टेकवावा. पिपेट उभे धरून टोक कुपीच्या भिंतीला लावावे, पाणी आपल्या गतीने उतरू द्यावे, प्रवाह थांबल्यावर क्षणभर थांबून टोक काढून घ्यावे आणि लगेच झाकण लावावे. टोकाची कपची उडालेले पिपेट या चाचणीला घेऊच नये, कारण त्याचा उतरण्याचा वेळ बदललेला असतो.

मिळालेल्या वजनांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. वजनांचा आपापसांतील विखुरलेपणा बहुतांशी हाताचा असतो. सरासरीचे १० मि.ली.पासूनचे अंतर पिपेटचे असते. वरील उदाहरणात विखुरलेपणा ०.००३५ ग्रॅमच आहे, म्हणजे हात स्थिर आहे. प्रात्यक्षिकात एकाच पिपेटवर काम केलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांची वाचने एकाच दिशेने सरकलेली दिसली, तर गुण कापण्यापूर्वी पिपेटचे वजन घेणे न्यायाचे ठरेल.

काचेचे पिपेट दुरुस्त करता येत नाही, आणि त्याची गरजही नसते. त्यावर हिऱ्याच्या लेखणीने क्रमांक कोरून त्या क्रमांकापुढे वहीत ‘९.९८५’ लिहिले आणि गणितात १० ऐवजी तो आकडा वापरला की काम भागते. ९.९४ मि.ली. देणारे पिपेटही, ते दर वेळी ९.९४ च देत असेल तर, निरुपयोगी नसते.

ऋतूचा परिणाम :

२०° से.ला १.००० लिटरपर्यंत भरलेले ०.१००० नॉर्मल द्रावण ३५° ला प्रसरण पावून सुमारे ०.०९९६ नॉर्मल होते. दोन्ही द्रावणे सारखीच तापली असतील तर अनुमापनात हा फरक परस्पर नाहीसा होतो. डिसेंबरच्या सकाळी केलेले प्रमाण द्रावण एप्रिलमध्ये ताज्या द्रावणासमोर वापरले, तर मात्र १० मि.ली.च्या वाचनात ०.०४ मि.ली.चा फरक पडतो. हा फरक पिपेटच्या माथी मारला जाऊ नये म्हणून बाटलीवर तारखेबरोबर तापमानही लिहावे.

मायक्रोपिपेट :

सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान विभागांत रोज वापरले जाणारे दट्ट्याचे मायक्रोपिपेट हाइनरिख श्निट्गर यांनी १९५७ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे तयार केले. त्यात दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेची उशी असते, आणि बहुतेक चुका त्या उशीतूनच येतात. हाताच्या उबेने हवा प्रसरण पावते. ॲसिटोनसारखा बाष्पशील द्रव तिच्यात वाफ सोडतो व टोकातून ठिबकू लागतो. तिरके धरले की घनफळ बदलते. नवे टिप त्याच द्रवाने दोन-तीनदा ओले करून घेणे, टोक पृष्ठभागाखाली दोन-तीन मि.मी.च बुडवणे आणि दट्ट्या सावकाश सोडणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

आय.एस.ओ. ८६५५ हे मानक २००२ मध्ये आले आणि २०२२ मध्ये सुधारले गेले. त्याच्या २००२ च्या आवृत्तीत १००० मायक्रोलिटरच्या हवाई उशीच्या पिपेटला ८ मायक्रोलिटर पद्धतशीर आणि ३ मायक्रोलिटर यादृच्छिक त्रुटीची मर्यादा दिली होती. चाचणी तीन घनफळांवर, प्रत्येकी दहा वेळा करायची. १००० आणि २०० मायक्रोलिटरची पिपेटे महाविद्यालयाच्या तराजूवर तपासता येतात. १ मायक्रोलिटर पाण्याचे वजन मात्र जेमतेम १ मि.ग्रॅ. असते आणि ०.१ मि.ग्रॅ.चा तराजू त्यात दहा टक्क्यांपेक्षा बारीक फरक दाखवू शकत नाही. वजन घेईपर्यंत होणारे बाष्पीभवन वेगळेच. अशी पिपेटे एन.ए.बी.एल.ची अधिस्वीकृती असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवणे इष्ट.

तेथून येणाऱ्या प्रमाणपत्रात जुळवणीनंतरचे आकडे पाहून ते फाइलला लावण्याची रीत आहे. संशोधकाच्या दृष्टीने जुळवणीपूर्वीचे आकडे अधिक महत्त्वाचे असतात आणि पिपेट पाठवतानाच ते लेखी मागून घ्यावे लागतात. १० मायक्रोलिटरचे पिपेट जुळवणीपूर्वी ९ देत होते असे त्यात आढळले, तर आधीच्या तपासणीपासून त्या पिपेटने केलेले प्रत्येक विरलन प्रश्नांकित होते. कोणते विरलन कोणत्या पिपेटने केले हे प्रयोगवहीत क्रमांकासह लिहिलेले असेल, तरच त्यांतली नेमकी कोणती पुन्हा करायची ते ठरवता येते.